दारं धरणाऱ्याची झोप

जयसिंगपूरच्या विक्रमसिंह मैदानावर दरवर्षी ऊस परिषद भरते. तिथं दराचा, काट्याचा, थकलेल्या बिलाचा हिशेब मांडला जातो. उसाला रात्री पाणी पाजताना शेतकऱ्याची जी झोप जाते, तिचा हिशेबही तिथंच मांडला पाहिजे.

रात्रीचं पाणी म्हणजे आपल्या शेतीची जुनी रीत, असं आज तरुणांना वाटतं. ते खरं नाही. शाहू महाराजांनी 1917 मध्ये वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं जयसिंगपूर वसवलं, तेव्हा शिरोळ भागात विहिरींवर मोटा चालत. तांबडं फुटायच्या आधी बैल जुंपायचे, ऊन चढलं की सोडायचे. बैल दमला की मोट थांबे, आणि मोट थांबली की माणसालाही विसावा मिळे. पुढं किर्लोस्करांची तेलाची इंजिनं आली. इंजिन दमत नाही, पण डिझेल महाग. त्यामुळं ते कधी चालवायचं हे मालक ठरवी.

विजेनं हे उलटं केलं. कोयनेची वीज आली, कृष्णा-पंचगंगेच्या काठाला मोटारी बसल्या, माळावर ऊस उभा राहिला. या विजेनं घरं वर काढली, हेही तितकंच खरं. पण वीज कमी पडू लागली तशी वाटणी झाली. दिवसा आणि संध्याकाळी कारखान्यांची, शहरांची मागणी मोठी. मध्यरात्री ती उतरते, औष्णिक संचांना मात्र चालूच राहावं लागतं. ती उरलेली वीज शेतीच्या वाट्याला आली. एक आठवडा दिवसा आठ तास, दुसऱ्या आठवड्यात रात्री दहा तास, अशी पाळी ठरली. लाईट येईल तेव्हा बॅटरी घेऊन उसात शिरायचं, सरी भरली की मातीचं दार मोडून पुढच्या सरीत पाणी घ्यायचं. पायाखाली घोणस, मण्यार.

सापाच्या भीतीबद्दल सगळे बोलतात, झोपेबद्दल कुणी बोलत नाही. चरकानं आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले. शरीरातलं घड्याळ पेशींच्या पातळीवर कसं चालतं, याच्या शोधाला 2017 चं नोबेल मिळालं. हे घड्याळ उजेडावर लागतं, आणि ते हळूहळूच सरकतं. दर आठवड्याला पाळी बदलली की ते कुठंच स्थिरावत नाही. अपुऱ्या झोपेनं रक्तदाब आणि साखर वाढते, चित्त थाऱ्यावर राहत नाही. ओल्या हातानं स्टार्टर दाबणाऱ्याला असं भान सुटणं परवडत नाही.

फेब्रुवारी 2022 मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी कोल्हापुरात महावितरणच्या दारात धरणं धरलं. मागणी होती दिवसा दहा तास विजेची. माझ्या मते ती झोपेचीच मागणी होती. सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये सुरू झाली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. सूर्याची वीज दिवसाच तयार होते, म्हणजे रात्रीच्या पाळीचं मूळ कारणच संपू लागलं आहे. आता प्रत्येक शेतीच्या फीडरवर दिवसाची वीज पोचलीच पाहिजे.

तोवर ज्या घरात रात्रीची पाळी आहे, त्या घराला एक विनंती. पहाटे चिखलाचे पाय धुऊन आलेल्या माणसाला धारेला, डेअरीला पाठवू नका. खिडकी लावून घ्या, पोरांना बाहेर खेळायला सांगा, आणि त्याला सलग झोपू द्या.