मटण नावाचा कुत्रा

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात एका कुत्र्याचं कातडं जपून ठेवलेलं आहे. लांब, दाट, मळकट पांढऱ्या केसांचं. हा कुत्रा १८५९मध्ये मेला. त्याचं नाव होतं मटण. आपल्या ताटात मटण म्हणून बोकड येतो, पण इंग्रजांसाठी 'मटन' म्हणजे मेंढीचं मांस. कुत्र्याला असं नाव का पडलं असेल, याचा अंदाज त्याचे केस बघून करता येतो.

मटण ज्या जातीचा होता, ती जात आता जगात नाही. तिचं माहीत असलेलं एकमेव कातडं म्हणजे हेच. आपल्याकडे घोंगडीसाठी मेंढ्या कातरतात, तशी ही कुत्री कातरली जायची. त्यांच्या लोकरीचं सूत निघायचं आणि त्या सुताची ब्लँकेटं मागावर विणली जायची. ही जात संपली कशी, याचं एक सोपं उत्तर बरीच वर्षं पुस्तकांतून फिरत होतं. ते उत्तर अपुरं आहे, असं या जातीला सांभाळणाऱ्या बायकांच्या नाती-पणत्या सांगत होत्या. त्यांचं म्हणणं विज्ञानाच्या पानांवर यायला २०२३ साल उजाडलं.

बायकांची कुत्री

कॅनडातलं व्हँकुव्हर आणि अमेरिकेतलं सिएटल यांच्या मधे खाड्या आणि बेटांनी भरलेला एक समुद्र आहे. त्याला सेलिश समुद्र म्हणतात. त्याच्या काठावर हजारो वर्षं राहणाऱ्या मूलनिवासी समाजांचं एकत्र नाव कोस्ट सेलिश. काउइचन, मस्क्विअम, स्क्वामिश, स्टोलो, ट्वाना असे कितीतरी समाज त्यात येतात. या लोकांकडे मेंढ्या नव्हत्या. उंच कड्यांवर माउंटन गोट नावाची रानटी, पांढरी, केसाळ बकरी असायची, पण तिची लोकर मिळवायची तर डोंगर चढून जायला हवं. घराजवळची लोकर कुत्र्यांची.

गावात दोन प्रकारची कुत्री असत. एक शिकारीची, आखूड केसांची, गावभर हिंडणारी. दुसरी लोकरीची. ही दुसरी गावात मोकळी सोडत नसत. त्यांना कुंपणात किंवा जवळच्या छोट्या बेटांवर ठेवत. बायका होडीने बेटावर जाऊन त्यांना मासे खाऊ घालत. कारण साधं होतं. दोन्ही प्रकारची कुत्री एकत्र आली, तर पुढच्या पिल्लांची लोकर बिघडणार. म्हणजे ही जात टिकवायची तर कोणीतरी रोज, पिढ्यानपिढ्या, तिची राखण करायला हवी. ती राखण बायका करत. कुत्री त्यांच्या मालकीची असत. ज्या बाईकडे जास्त कुत्री, ती श्रीमंत.

बाहेरून आलेल्या लोकांनाही हे लगेच दिसलं. ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हर १७९२च्या मे महिन्यात सिएटलजवळच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याने पॉमेरेनियनसारखी, पण जरा मोठी कुत्री पाहिली. ती मेंढ्यांसारखी अगदी कातडीपर्यंत कातरलेली होती. उतरवलेली लोकर इतकी दाट होती, की एक कोपरा धरून उचलली तरी ती सुटी होत नव्हती, अशी नोंद त्याने केली. १८०८मध्ये सायमन फ्रेझर नदीमार्गे खाली आला. त्यालाही नुकतीच कातरलेली कुत्री आणि त्यांच्या केसांची ब्लँकेटं दिसली. पुढे चित्रकार पॉल केन १८४६-४७मध्ये या भागात फिरला. त्याने काढलेलं एक चित्र टोरंटोच्या रॉयल ऑंटारिओ म्युझियममध्ये आहे. त्यात एक बाई मागावर ब्लँकेट विणते आहे आणि पुढ्यात एक पांढरा, झुपकेदार कुत्रा आहे.

एक ब्लँकेट कसं व्हायचं

कुत्र्याचे केस एकटे फारसे उपयोगी नाहीत. ते आखूड आणि निसरडे असतात, सुतात नीट धरत नाहीत. म्हणून ते बकरीच्या लोकरीत मिसळत. कधी फायरवीड नावाच्या रानझाडाच्या बियांचा कापूस, कधी पाणकणसाचा भुसभुशीत भाग त्यात घालत. लोकरीतलं तेल काढायला एक प्रकारची पांढरी माती तिच्यावर टाकून लोकर झोडपत. मग मांडीवर वळून पेळू करायचे आणि मोठ्या टकळीवर सूत काढायचं. या टकळीच्या लाकडी चकत्या ताटलीएवढ्या असत आणि त्यांवर माणसं, पक्षी, मासे कोरलेले असत. आज त्या चकत्या जगभरच्या संग्रहालयांत आहेत.

या ब्लँकेटांत खरंच कुत्र्याचे केस होते का, अशी शंका काही अभ्यासक घेत असत. समाजातले म्हातारे लोक 'होते' म्हणून सांगत होते, पण ती ऐकीव गोष्ट मानली गेली. २०११मध्ये 'अँटिक्विटी' या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात जुन्या ब्लँकेटांच्या धाग्यांतली प्रथिनं तपासली होती. केस कोणत्या प्राण्याचा, हे त्याच्या प्रथिनांवरून कळतं. जुन्या काही ब्लँकेटांत बकरीच्या लोकरीबरोबर कुत्र्याचे केस निघाले. म्हातारे लोक बरोबर सांगत होते.

हे ब्लँकेट नुसतं पांघरूण नव्हतं. लग्न, बारसं, मयत, मोठेपणाचा मान, सगळीकडे ते लागायचं. पॉटलॅच नावाच्या मोठ्या समारंभात यजमान जमलेल्या पाहुण्यांना ब्लँकेटं वाटायचा. जो जास्त देईल, तो मोठा. त्यामुळे ब्लँकेट म्हणजे संपत्ती होती आणि ती संपत्ती सुरू व्हायची बेटावरच्या त्या कुत्र्यांपासून.

सोपं उत्तर

मग कुत्री गेली कुठे? पुस्तकांतलं उत्तर असं: हडसन्स बे कंपनी आली. १८२७मध्ये फोर्ट लँगली आणि १८४३मध्ये फोर्ट व्हिक्टोरिया इथे तिची ठाणी झाली. इंग्लंडच्या गिरण्यांतली स्वस्त ब्लँकेटं दुकानात मिळायला लागली. एवढा खटाटोप करून कोण कुत्री पाळणार? बायकांनी सोडून दिली, कुत्री गावातल्या कुत्र्यांत मिसळली, जात संपली.

हे ऐकायला पटतं, कारण अशी गोष्ट आपल्याला ओळखीची आहे. गिरणी आली, हातमाग बसला. यात कोणाचा दोष नाही. जणू बायकांनी हिशोब केला आणि कुत्र्यांचं पान मिटलं.

डिसेंबर २०२३मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मटणवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑड्री लिन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या कातड्यातून डीएनए काढून वाचला. त्यातून तीन गोष्टी कळल्या. एक, ही जात इतर कुत्र्यांपासून वेगळी होऊन सुमारे ५,००० वर्षं झाली असावीत. दोन, केस आणि त्वचेशी संबंधित जनुकांत निवडीच्या खुणा होत्या, म्हणजे माणसांनी लोकरीसाठी मुद्दाम निवड केली होती. तिसरी गोष्ट आपल्या प्रश्नासाठी सगळ्यांत महत्त्वाची. मटणच्या वंशाचा सुमारे ८५ टक्के भाग युरोपीय लोक येण्याआधीच्या इथल्या कुत्र्यांचा होता.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. कंपनीचं ठाणं १८२७चं. मटण मेला १८५९मध्ये. दुकानात ब्लँकेट मिळायला लागून तीस वर्षं झाली होती, गोऱ्यांची कुत्री सगळीकडे फिरत होती, तरी कोणीतरी ही जात बऱ्यापैकी शुद्ध ठेवली होती. स्वस्त ब्लँकेट आलं म्हणून बायकांनी कुत्री सोडली असती, तर मटणचा डीएनए असा दिसला नसता.

या अभ्यासात कोस्ट सेलिश समाजांतले जाणते लोक आणि विणकर नुसते माहिती देणारे नव्हते. लेखकांच्या यादीत त्यांची नावं आहेत. मस्क्विअम विणकर डेब्रा स्पॅरो यांनी आजोबांकडून ऐकलेलं सांगितलं: प्रत्येक गावात अशी कुत्री होती आणि ती सोन्यासारखी मानली जायची. स्टोलो समाजाच्या रेना पॉइंट बोल्टन यांनी सांगितलं, की त्यांच्या पणजीला तिची कुत्री सोडून द्यावी लागली, कारण सरकारी अधिकारी, पोलीस आणि पाद्री यांना हे जुने रीतिरिवाज बंद करायचे होते.

यात इतिहासाच्या नोंदी मिळवल्या की चित्र पूर्ण होतं. व्हँकुव्हर १७९२मध्ये आला, तेव्हाच त्याला ओस पडलेली गावं आणि चेहऱ्यावर देवीचे व्रण असलेली माणसं दिसली होती. १८६२मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून आलेल्या जहाजाबरोबर व्हिक्टोरियात पुन्हा देवी आली आणि किनाऱ्यावरच्या हजारो मूलनिवासींचा जीव घेऊन गेली. उरलेल्यांना राखीव जमिनींच्या तुकड्यांत कोंडलं. १८८५पासून कॅनडात पॉटलॅचवर कायद्याने बंदी आली आणि ती १९५१पर्यंत राहिली. ब्लँकेट वाटणं हाच गुन्हा ठरला, तर ते विणायचं कशासाठी? मुलांना निवासी शाळांत नेलं. काउइचन खोऱ्याजवळच्या क्युपर बेटावर अशी एक शाळा होती. तिथे स्वतःची भाषा बोलायची मनाई. आजीच्या शेजारी बसून टकळी फिरवायला शिकणार कोण?

रोज राखण लागणारी जात संपवायला कुत्री मारावी लागत नाहीत. राखण करणारी बाई बेटापर्यंत पोचली नाही, एवढं पुरतं. काही वर्षांत लोकरीचं कुत्रं साध्या कुत्र्यांत मिसळून जातं.

सुया

कुत्री गेली, पण लोकर हाताळणारे हात उरले होते. पुढची गोष्ट व्हँकुव्हर बेटावरच्या डंकन या गावाजवळची. डंकन अगदी छोटं आहे. क्षेत्र दोन चौरस किलोमीटरच्या आसपास, वस्ती पाच हजारांच्या आसपास. त्याला लागून काउइचन लोकांची राखीव जमीन.

मराठीत मागावरच्या कामालाही विणणं म्हणतात आणि सुयांवरच्या कामालाही. इथे दोन्ही वेगळी ठेवायला हवीत. काउइचन बायका आधी मागावर विणायच्या. १८५०च्या दशकात बेटावर मेंढ्या आल्या. १८६४मध्ये सेंट अ‍ॅन संघाच्या नन्सनी या खोऱ्यात शाळा काढली आणि मुलींना सुयांवरचं विणकाम शिकवलं. जेरेमिना कॉल्विन नावाची शेटलंड बेटांवरून आलेली एक शेतकरी बाई १८८५मध्ये इथे राहायला आली. दोन रंगांच्या नक्षीचं विणकाम तिच्याकडून आलं, असं सांगतात.

बायकांनी हे नवं तंत्र घेतलं, पण आपल्या पद्धतीने. सूत जाड, हाताने काढलेलं. रंग द्यायचा नाही. पांढऱ्या, करड्या, तपकिरी, काळ्या मेंढीचा जो रंग, तोच. लोकरीतलं तेल पूर्ण धुवायचं नाही, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. काहींनी शिवणयंत्राच्या पायट्यावर मोठी टकळी बसवून सूत काढायचं यंत्र तयार केलं. त्यातून जो जाडजूड, मोठ्या कॉलरचा, गरुड आणि व्हेल माशांच्या चित्रांचा स्वेटर निघाला, तो काउइचन स्वेटर म्हणून जगभर गाजला. परदेशी पाहुण्यांना तो भेट म्हणून देण्यात येऊ लागला.

विणणाऱ्या बाईच्या हातात मात्र थोडंच पडायचं. लोकर पिंजण्यापासून सगळं तिचं, भाव व्यापाऱ्याचा. रात्रभर बसून स्वेटर पुरा करायचा आणि सकाळी दुकानात देऊन किराणा आणायचा, अशा आठवणी अनेक घरांत आहेत. शेतमजुरी आणि माशांच्या कारखान्यातलं काम हंगामी होतं. हिवाळ्यात चूल पेटत होती, ती सुयांवर.

मग व्हँकुव्हरचं २०१०चं हिवाळी ऑलिंपिक आलं. कॅनडाच्या संघाच्या कपड्यांचं काम हडसन्स बे कंपनीकडे होतं. तीच कंपनी. काउइचन लोकांनी स्वेटर विणून देण्याची तयारी दाखवली होती, पण कंपनीने काम दुसरीकडून करून घेतलं. ऑक्टोबर २००९मध्ये जो स्वेटर लोकांपुढे आला, तो काउइचन स्वेटरची नक्कल वाटावा इतका सारखा होता. डंकनमध्ये संताप झाला, ऑलिंपिकची मशाल जाताना निदर्शनं करण्याची भाषा झाली. शेवटी वाटाघाटी झाल्या. कंपनीच्या व्हँकुव्हरमधल्या मोठ्या दुकानात खरे काउइचन स्वेटर विकायला ठेवायचं ठरलं. २०११मध्ये कॅनडा सरकारने कोस्ट सेलिश विणकर बायका आणि त्यांचा स्वेटर यांना राष्ट्रीय ऐतिहासिक महत्त्वाचा दर्जा दिला.

आता

मागही परत आले आहेत. मस्क्विअम समाजात १९८०च्या दशकात डेब्रा स्पॅरो आणि त्यांच्या सोबतिणींनी जुनी ब्लँकेटं पाहून, धागे मोजून मागावरचं विणकाम पुन्हा उभं केलं. व्हँकुव्हरच्या विमानतळावर त्यांची विणलेली मोठी वस्त्रं टांगलेली आहेत. हडसन्स बे कंपनी १६७०ची. २०२५च्या जूनपर्यंत तिची सगळी दुकानं बंद झाली.

मोडलेला माग पुन्हा ठोकता येतो. सुया नव्या घेता येतात. नक्षी जुन्या ब्लँकेटावरून उतरवता येते. कुत्र्याचं तसं नाही. मटणचा डीएनए आता संगणकात अक्षर अक्षर साठवलेला आहे, पण त्यातून सूत निघत नाही. जुन्या ब्लँकेटाची नक्षी जशीच्या तशी उतरवली, तरी त्यातला एक धागा मेंढीचाच घ्यावा लागतो.