नाव आणि किल्ली

१९६६ साली एमआयटीच्या जॅक डेनिस आणि अर्ल व्हॅन हॉर्न यांनी एका निबंधात 'केपेबिलिटी' ही कल्पना मांडली. एखादी वस्तू कोणती हे सांगणं आणि ती वापरायचा हक्क देणं, ही दोन्ही कामं करणारी, बनावट करता न येणारी किल्ली, असं तिचं वर्णन करता येईल. तीनच वर्षांनी बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली, ती मात्र वेगळ्या वाटेनं. तिथे हक्क ठरतो तो वापरणारा कोण आहे यावरून.

तरीही किल्ली युनिक्समध्ये शिरलीच. प्रोग्रॅमनं फाइलचं नाव सांगितलं की कर्नल परवानगी तपासतं आणि ३, ४ असा छोटा आकडा परत देतं. हा फाइल डिस्क्रिप्टर. मनानं ७ म्हटलं म्हणून काही उघडत नाही, कारण खरी नोंद कर्नलच्या तक्त्यात असते. एकदा मिळालेली किल्ली मात्र नंतर फाइलच्या परवानग्या बदलल्या तरी चालते.

नुसत्या नावावर विसंबण्यातला धोका नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली सांगितला. टाइमशेअर कंपनीतल्या एका कंपायलरला स्वतःच्या डिरेक्टरीत आकडेवारी लिहायची मुभा होती. बिलांची फाइलही तिथेच होती. कुणीतरी आपल्या आउटपुटसाठी नेमकं तिचंच नाव दिलं आणि बिलांचा हिशोब पुसला गेला. कंपायलरनं हुकूम एकाचा पाळला आणि हक्क दुसऱ्याचा वापरला. वापरणाऱ्यानं नावाऐवजी स्वतः उघडलेली फाइल हाती दिली असती, तर त्याला न उघडणारी फाइल कंपायलरपर्यंत पोचलीच नसती.

अशी किल्ली दुसऱ्या प्रोग्रॅमला सोपवायची सोय १९८३ च्या ४.२बीएसडीमध्ये आली होती. आकडा पाठवून भागत नाही. घेणाऱ्याच्या तक्त्यात कर्नलच नवी नोंद करतं. पण त्याच्याकडचे बाकीचे हक्क तसेच राहत. ते काढून घ्यायची सोय २०१० मध्ये रॉबर्ट वॉटसन आणि सहकाऱ्यांनी 'कॅप्सिकम'मध्ये मांडली: प्रोग्रॅमनं एकदा 'कॅप_एंटर' म्हटलं की नावानं काही उघडत नाही, हातातल्या किल्ल्या तेवढ्या चालतात. २०१२ मध्ये ती फ्रीबीएसडी ९.० मध्ये दाखल झाली.

आपण एक पीडीएफ उघडतो तेव्हा त्या प्रोग्रॅमला गरज एका फाइलची असते. नेहमीच्या युनिक्सच्या रीतीनं मात्र आपली पत्रं, फोटो, सगळंच त्याला खुलं होतं. एक खोली दाखवायला घराचा अख्खा जुडगा देण्याची ही सवय अजून पुरती सुटलेली नाही.