महानगर की उद्याननगरी? बडोद्याच्या इतिहासातील तीन उत्तरे

निवृत्त झालेल्या आपल्या मंडळींत हल्ली एक प्रश्न वारंवार निघतो. मुले मुंबईस, पुण्यास किंवा बंगळुरूस स्थिरावलेली असतात. इथले घर जुने असते. अंगणात कडुनिंब, दारात ओळखीची माणसे आणि सकाळच्या फेरफटक्यास बाग. अशा वेळी महानगरात मुलांजवळ जावे, की झाडापाण्याच्या या त्यामानाने लहान शहरातच उरलेले आयुष्य काढावे? प्रश्न आजचा वाटला तरी तो जुना आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बडोदे संस्थानच्या नोकरीत आलेल्या मराठी कुटुंबांपुढेही तो होता, कारण मुंबई एका रात्रीच्या आगगाडीच्या अंतरावर होती. त्या काळी बडोदे कसे घडले आणि तेथे राहिलेल्या तिघा थोर पुरुषांनी कोणती निवड केली, हे पाहिल्यास आपल्या प्रश्नावरही थोडा प्रकाश पडेल असे वाटते.

बडोद्याचे नावच झाडावरून पडले आहे. इसवी सन ८१२ च्या ताम्रपटात ‘वटपद्रक’ या गावाचा उल्लेख सापडतो. वडांच्या सान्निध्यातील गाव, असा त्याचा अर्थ. परंतु आपण ज्या हिरव्या बडोद्याचा अभिमान बाळगतो, ते निसर्गाने आयते दिलेले नाही. ते बांधून काढलेले आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली दत्तक होऊन गादीवर आला. सयाजीराव महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले ते १८८१ च्या अखेरीस. तोवर दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराची घडी बसवली होती. याच काळात, १८७९ मध्ये, विश्वामित्रीच्या काठी शंभराहून अधिक एकर जागेवर सयाजीबाग आकारास आली. जुनी माणसे अजूनही तिला कमाटीबाग म्हणतात. पुढे १८९४ मध्ये तेथे संग्रहालयाची इमारत उभी राहिली.

बागेपेक्षाही महत्त्वाचे काम पाण्याचे होते. विहिरी आणि तलाव यांवर भागवणाऱ्या या शहरासाठी आजव्याचे सरोवर बांधण्यात आले आणि १८९२ पासून त्याचे पाणी, कोठेही पंप न लावता, केवळ उताराच्या बळावर नळांतून शहरात खेळू लागले. वाचकांनी एक योगायोग ध्यानी घ्यावा. मुंबईला तानसा तलावाचे पाणी मिळू लागले तेही १८९२ सालीच. मुंबईची वस्ती तेव्हा सव्वाआठ लाखांच्या घरात, तर बडोद्याची सुमारे एक लाख सोळा हजार. एक शहर पाण्यासाठी धावत होते आणि तरीही मागे पडत होते. दुसऱ्याने पाणी आधी आणून ठेवले होते. १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झाले, १९१० पासून अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांच्या हाताखाली सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणले जाऊ लागले. मुंबईच्या कोंदट चाळीतून आलेल्या कारकुनाला वा शिक्षकाला हे शहर सुखाचे आगर वाटले असल्यास नवल नाही.

मग लोकांनी बडोदेच निवडले काय? जनगणनेचे आकडे निराळे सांगतात. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेगाने डोके वर काढले आणि लाखो लोकांनी शहर सोडले. १९०१ च्या गणतीत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांवर उतरली. परंतु दहाच वर्षांत, १९११ साली, ती पावणेदहा लाखांवर गेली. ज्या शहरातून माणसे जिवाच्या भीतीने पळाली, त्याच शहराकडे ती परतली, कारण गिरण्या आणि गोदी तेथे होत्या. बडोद्याची वस्ती मात्र १९०१ मध्ये एक लाख चार हजारांच्या आसपास आणि १९११ मध्ये लाखाच्याही किंचित खाली आली. प्लेग इथेही होताच. त्याआधी १८९९-१९०० च्या दुष्काळाने, गुजरातेत ज्याला ‘छप्पनियो’ म्हणतात त्याने, संस्थानातील खेडी उजाड केली होती. १८९१ ते १९०१ या दशकात सबंध संस्थानची लोकसंख्या सुमारे चोवीस लाखांवरून साडेएकोणीस लाखांवर घसरली. राजधानीत नळाला पाणी होते, त्या वेळी तालुक्यांतील विहिरी आटल्या होत्या. महाराजांनी दुष्काळी कामे काढली, हे खरे. पण उद्याननगरीचा हिरवेपणा वेशीपाशी संपत होता, हेही तितकेच खरे.

आता त्या तिघांकडे वळू.

पहिले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई. १८८९ मध्ये ते महाराजांच्या सेवेत आले आणि १९२५ पर्यंत, म्हणजे सुमारे ३६ वर्षे, तेथे राहिले. महाराजांना वाचून दाखवणे, राजपुत्रांना शिकवणे ही कामे करता करता त्यांनी रियासतीचे लेखन केले. पहिला भाग १८९८ साली प्रसिद्ध झाला. निवृत्तीनंतर त्यांनी ना बडोदे निवडले, ना मुंबई, ना पुणे. ते इंद्रायणीकाठच्या कामशेत या लहानशा गावी जाऊन राहिले आणि १९५९ मध्ये निवर्तले. निसर्गाच्या कुशीत जाणे म्हणजे कामातून निवृत्त होणे नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड त्यांच्या संपादनाखाली निघाले ते १९३० ते १९३४ या काळात, साठी उलटून गेल्यावर. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. कामशेत हे मुंबई-पुणे लोहमार्गावरचे स्टेशन आहे. दप्तर पुण्यास, छापखाने शहरात आणि लेखक गावात, ही व्यवस्था गाडीमुळे जमली. शहराकडे पाठ फिरवून नव्हे, तर शहर हाकेच्या अंतरावर ठेवूनच त्यांनी गाव निवडले.

दुसरे श्रीअरविंद घोष. इंग्लंडातून शिकून १८९३ मध्ये ते बडोद्यास आले आणि तेरा वर्षे येथे राहिले. प्रारंभी खात्यांतून आणि पुढे महाविद्यालयात त्यांनी काम केले. संस्कृत आणि बंगालीचा अभ्यास त्यांनी येथेच वाढवला; मराठी आणि गुजरातीही ते शिकले. मनन आणि वाचन यांसाठी बडोद्यासारखे शहर मिळणे हे भाग्यच. परंतु वंगभंगानंतर, १९०६ मध्ये, ते ही नोकरी सोडून कितीतरी कमी पगारावर कलकत्त्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयात गेले. कारण स्पष्ट आहे. संस्थान कितीही सुधारलेले असले तरी तेथे राजकारणास मर्यादा होती. महाराजांवर ब्रिटिश सरकारची नजर होती. विचार बागेत पिकला तरी चळवळीला महानगराची गर्दी, वृत्तपत्रे आणि सभा लागतात. चार वर्षांनी, १९१० मध्ये, त्यांनी पाँडिचेरी गाठले. तेही लहान, समुद्रकाठचे गाव. पण निवडले गेले ते फ्रेंच अमलाखाली होते म्हणून. शहराची निवड करताना तेथील हवेइतकाच तेथील कायदाही पाहावा लागतो, हा त्यातला बोध.

तिसरे उत्तर सर्वांत कठीण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ च्या प्रारंभी प्रथम बडोद्यास नोकरीस आले. वडिलांच्या अखेरच्या आजारामुळे त्यांना लगेच परतावे लागले. त्याच वर्षी महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची सेवा करावी, असा करार होता. त्यानुसार १९१७ च्या सप्टेंबरात ते पुन्हा बडोद्यास आले. अमेरिकेत आणि लंडनला शिकलेल्या या तरुणास नळ, ग्रंथालये आणि बागा असलेल्या शहरात राहावयास खोली मिळेना. कार्यालयात शिपाई कागद दुरून टाकीत. अखेर पारशी नाव धारण करून ते एका पारशी विश्रांतिगृहात उतरले. पुढची हकीकत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी स्वतःच नोंदवली आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सुटले. दोन परिचितांकडे, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही कारणे सांगून नकार दिला. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. मधले पाच तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले.

ज्या बागेचे गुणगान आम्ही बडोदेकर करतो, तीच ही बाग. तिने त्यांना सावली दिली, कारण ती सर्वांना खुली होती. एका खोलीचा दरवाजा मात्र सबंध शहरात उघडला नाही. ज्या राजाने शिक्षणासाठी परदेशी पाठवले, त्याच्या राजधानीत हे घडावे, यावरून एवढे कळते की राजाज्ञेने तलाव बांधता येतो, शाळा काढता येते. शेजाऱ्याचे मन मात्र तिच्याने बदलत नाही.

मुंबईत त्यांची वाट काय पाहत होते? परळच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्या. प्लेगानंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या या ट्रस्टची ती चाळ. गर्दी, गोंगाट आणि जेमतेम हवा. मुंबईने त्यांना समता बहाल केली असे मुळीच नाही. १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातील पाणी त्यांनी पिण्यास काहींनी हरकत घेतली होती. पण एवढ्या मोठ्या नगरात एक दार बंद झाले तर दुसरे ठोठावण्याची सोय होती आणि आपल्या माणसांची संख्याही होती. १९२० साली ‘मूकनायक’ निघाले, १९२४ साली परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. लहान शहरात ‘सगळे एकमेकांना ओळखतात’ हा आपण गुण मानतो. ज्याची ओळख हाच ज्याचा अपराध ठरवला गेला, त्याला तो गुण कसा वाटावा? त्याला महानगराची अनोळखी गर्दीच अधिक दयाळू वाटली असेल.

तिन्ही उत्तरे एकत्र ठेवली म्हणजे दिसते की या निवडीत झाडे आणि गर्दी यांपेक्षा अधिक काही दडलेले असते. काम कोणते, कायदा कोणाचा आणि दार कोणासाठी उघडे, या तीन गोष्टींवर ती ठरते.

आज बडोद्याचे रूपही पालटले आहे. १९४९ च्या मे महिन्यात संस्थान विलीन झाले, १९६५ मध्ये कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि शहर फोफावले. २०११ च्या जनगणनेनुसार वस्ती सुमारे १६ लाख ७० हजार. म्हणजे आंबेडकर ज्या मुंबईस परतले तिच्याहून आजचे बडोदे मोठे आहे. आजवा अजूनही शहराला पाणी देतो. परंतु २०१९ च्या जुलैअखेरीस एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस कोसळला, आणि २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री पात्र सोडून घराघरांत शिरली, तेव्हा निसर्गाशी केलेला जुना करार आपण मोडला असल्याची जाणीव अनेकांस झाली. सरकारी सेवेत असताना जुने नकाशे हाताळण्याचा योग मला पुष्कळदा आला. नकाशात जेथे तळे किंवा ओढा असतो, तेथे प्रत्यक्षात सोसायटी उभी असते. पाणी आपली जागा विसरत नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१६ मध्ये बडोद्यावर आणि १९१८ मध्ये इंदूरवर अहवाल लिहिले. हिंदुस्थानातील शहरांविषयीच्या आपल्या अहवालांतून तळी बुजवण्यास ते विरोध करीत आले होते. त्यांचे ऐकले असते तर काही घरे कोरडी राहिली असती.

तेव्हा इथेच राहू इच्छिणाऱ्या माझ्या समवयस्कांना एवढेच सुचवावेसे वाटते की, बाग राखणारा राजा आता नाही. तळे, झाड आणि नदीचे पात्र यांची राखण नगरपालिकेच्या दारी जाऊन आपल्यालाच मागावी लागेल. आणि दुसरे काम त्याहून निकडीचे आहे. दरवर्षी २३ सप्टेंबरला बडोद्यात संकल्पभूमीवर दूरदूरहून लोक जमतात. त्यांना नमस्कार करून घरी परतल्यावर, वरची खोली भाड्याने मागणाऱ्या तरुणाला आपण पहिला प्रश्न आडनावाचा विचारतो काय, हे ज्याने त्याने तपासावे. तो प्रश्न विचारला जाईल तोवर, कितीही वड लावले तरी हे शहर सर्वांना निवडण्याजोगे होणार नाही.