जॉर्ज स्टब्स

जॉर्ज स्टब्स (२५ ऑगस्ट, इ.स. १७२४:लिव्हरपूल, इंग्लंड - १० जुलै, इ.स. १८०६:लंडन, इंग्लंड) हे इंग्लिश चित्रकार होते. घोडे व इतर प्राण्यांच्या चित्रांसाठी ते प्रसिद्ध आहेत. शवविच्छेदनातून मिळवलेले शरीररचनेचे ज्ञान हा त्यांच्या कलेचा पाया होता.

जीवन

स्टब्स यांचे वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. अल्पकाळाची उमेदवारी वगळता स्टब्स चित्रकला स्वतःच शिकले. यॉर्क येथे व्यक्तिचित्रे काढून उपजीविका करीत असताना त्यांनी तेथील रुग्णालयात मानवी शरीररचनेचा अभ्यास केला. जॉन बर्टन यांच्या प्रसूतिशास्त्रावरील ग्रंथासाठी (इ.स. १७५१) त्यांनी चित्रे तयार केली.

घोड्याची शरीररचना

इ.स. १७५६ मध्ये स्टब्स यांनी लिंकनशायरमधील हॉर्कस्टो येथे एक घर भाड्याने घेतले. तेथे सुमारे १८ महिने त्यांनी मृत घोड्यांचे विच्छेदन केले. घोडा उभ्या स्थितीत टांगून, त्याच्या स्नायूंचा एकेक थर काढत ते रेखाटने करीत. या कामात सहचारिणी मेरी स्पेन्सर यांनी त्यांना साहाय्य केले. पुढे चित्रांचे ताम्रपट स्टब्स यांनी स्वतः कोरले आणि इ.स. १७६६ मध्ये 'द अ‍ॅनाटॉमी ऑफ द हॉर्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

प्रमुख चित्रे

रॉकिंगहॅमच्या मार्क्विससाठी काढलेले 'व्हिसलजॅकेट' (सुमारे इ.स. १७६२) हे शर्यतीच्या घोड्याचे जवळजवळ पूर्णाकृती चित्र आहे. त्यात स्वार नाही आणि पार्श्वभूमीही मोकळी आहे. हे चित्र इ.स. १९९७ पासून लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहात आहे.

मद्रासचे गव्हर्नर जॉर्ज पिगॉट यांनी राजा तिसरा जॉर्ज याला भारतातून आणलेला चित्ता भेट दिला. विंडसर येथे तो एका हरणावर सोडण्यात आला. मात्र हरणानेच त्याला पिटाळून लावले. स्टब्स यांच्या सुमारे इ.स. १७६५ च्या चित्रात हा चित्ता दोन भारतीय सेवकांसह दिसतो. झेब्रा, गेंडा व कांगारू यांचीही चित्रे त्यांनी काढली. कांगारू मात्र त्यांनी जिवंत पाहिला नव्हता; जोसेफ बँक्स यांनी आणलेल्या कातडीवरून त्यांनी तो रंगवला.

मूल्यमापन

तत्कालीन कलाविश्वात ऐतिहासिक व पौराणिक चित्रे श्रेष्ठ, तर प्राणिचित्रे गौण मानली जात. त्यामुळे स्टब्स यांच्यावर 'घोड्यांचा चित्रकार' असा शिक्का बसला. इ.स. १७८१ मध्ये रॉयल अकॅडमीवर निवड होऊनही त्यांनी नियमानुसार आपले चित्र सादर केले नाही. परिणामी ते पूर्ण सदस्य झाले नाहीत. मानव, वाघ व कोंबडी यांच्या तुलनात्मक शरीररचनेवरील त्यांचा अखेरचा ग्रंथ अपूर्ण राहिला. विसाव्या शतकात त्यांच्या कार्याचे पुनर्मूल्यांकन झाले आणि आज त्यांची गणना इंग्लंडच्या प्रमुख चित्रकारांमध्ये होते.