एड्सा रस्त्यावरची हाक

२२ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री मनिलाचे कार्डिनल हाइमे सिन यांनी कॅथलिक ‘रेडिओ व्हेरितास’वरून, हुकूमशहा मार्कोसविरुद्ध बंड केलेल्या सैनिकांच्या रक्षणासाठी जनतेला हाक दिली. एड्सा रस्त्यावर माणसे जपमाळा घेऊन रणगाड्यांसमोर उभी ठाकली. सरकारी सैनिकांनी केंद्राचा प्रक्षेपक निकामी केला, तरी आवाज थांबला नाही. २५ तारखेस मार्कोस परागंदा झाले.

२०१३ साली लोकप्रतिनिधींच्या निधीतील भ्रष्टाचाराविरुद्ध हाक आली ती फेसबुकवरून. लुनेता उद्यान माणसांनी भरले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निधी घटनाबाह्य ठरविला. साधनाचे हे यश खरेच. पण कार्डिनल स्वतःच्या नावाने, धोका पत्करून बोलले होते. पुढे त्याच फेसबुकवर मार्कोस-राजवटीला सुवर्णयुग म्हणणाऱ्या कित्येक निनावी चित्रफिती फिरल्या. २०२२ साली मार्कोस यांचे चिरंजीव अध्यक्षपदी निवडून आले.