कव्हर्ड कॉल : संथ समभागावरील उत्पन्न आणि त्याचे मोल

हाती असलेल्या समभागांवर दुसऱ्यास खरेदीचा हक्क विकणे म्हणजे ‘कव्हर्ड कॉल’. ठरलेल्या मुदतीअखेर, ठरलेल्या भावाने ते समभाग घेण्याचा हा हक्क असतो. त्याच्या मोबदल्यात विक्रेत्यास मिळणारी रक्कम म्हणजे प्रीमियम. राष्ट्रीय शेअर बाजारात समभागांवरील ऑप्शनचे व्यवहार जुलै २००१ मध्ये सुरू झाले.

दीर्घकाळ एकाच पट्ट्यात फिरणाऱ्या समभागावर ही पद्धत प्रामुख्याने वापरली जाते. विप्रो हे त्याचे परिचित उदाहरण. डिसेंबर १९४५ मध्ये जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे वनस्पती तूप बनवण्यासाठी स्थापन झालेली ही कंपनी पुढे माहिती तंत्रज्ञानाकडे वळली. अमळनेरच्या अनेक कुटुंबांनी तिचे समभाग पिढ्यान्‌पिढ्या जपले आहेत. ऑक्टोबर २०२१ मधील उच्चांक मात्र या समभागाला पुढील तीन वर्षांहून अधिक काळ ओलांडता आला नाही.

हैदराबादचे दिलसुखनगर शिकवणी वर्ग आणि वसतिगृहांसाठी ओळखले जाते. तेथे राहणाऱ्या एका तरुणाला आजोबांकडून असे ३,००० समभाग मिळाले आहेत, असे समजू. हिशेब सोपा व्हावा म्हणून पुढील आकडे कल्पित घेतले आहेत : एका व्यवहाराचा संच ३,००० समभागांचा, बाजारभाव २५० रुपये, हक्काचा भाव २६५ रुपये आणि प्रीमियम प्रतिसमभाग ३ रुपये.

मुदतीअखेर भाव २६५ च्या वर गेला नाही, तर ९,००० रुपये आणि समभाग दोन्ही त्याच्याकडे राहतात. भाव २८० झाला, तर समभाग २६५ ने द्यावे लागतात. प्रीमियम धरून ५४,००० रुपये लाभ होतो. हक्क विकला नसता, तर तो ९०,००० रुपये झाला असता. भाव २२५ वर घसरला, तर ७५,००० रुपयांच्या घटीतून केवळ ९,००० रुपये भरून निघतात. खर्च व कर यांत धरलेले नाहीत.

यातून या पद्धतीची मर्यादा स्पष्ट होते. वाढीचा लाभ सीमित होतो, घसरणीची जोखीम मात्र जवळपास पूर्ण राहते. शिवाय समभाग जितका संथ, तितका प्रीमियमही सहसा कमी असतो. त्यामुळे अधिक रक्कम मिळवण्यासाठी हक्काचा भाव बाजारभावाच्या जवळ ठेवण्याचा मोह होतो आणि समभाग हातचे जाण्याची शक्यता वाढते.

ऑक्टोबर २०१९ पासून समभागांवरील सर्व वायदे व ऑप्शन व्यवहारांची पूर्तता प्रत्यक्ष समभाग देऊन-घेऊन होते. मुदतीअखेर भाव हक्काच्या भावापेक्षा अधिक असेल, तर समभाग खात्यातून वजा होतात. ते टाळायचे असल्यास विकलेला हक्क मुदतीपूर्वी, बहुधा चढ्या दराने, परत घ्यावा लागतो.

म्हणून जो समभाग ठरलेल्या भावास विकण्याची मनापासून तयारी आहे, त्यावरच कव्हर्ड कॉल शोभतो. वारसा म्हणून जपायच्या समभागावर तो विकणे म्हणजे किरकोळ भाड्यासाठी घराच्या विक्रीचा करार करून ठेवणे होय.