‘जॉट’ आणि ‘टिटल’

एखादी गोष्ट अगदीं अत्यल्प आहे असें सांगावयाचें झालें म्हणजे इंग्रजींत ‘जॉट ऑर टिटल’ ही शब्दांची जोडी वापरतात. करारांतील एक ‘जॉट’हि बदलणार नाहीं, असें म्हणणाऱ्याला आपण एका परक्या लिपींतील अक्षराचें नांव घेत आहों, याची बहुधा जाणीव नसते. या चिमुकल्या शब्दांच्या मागें एका ग्रंथाचा आणि एका प्राणार्पणाचा इतिहास आहे.

‘जॉट’ म्हणजे ग्रीक वर्णमालेंतील ‘आयोटा’ हें सर्वांत लहान अक्षर. मॅथ्यूच्या शुभवर्तमानांत, धर्मशास्त्रांतील एक आयोटा किंवा एक रेषाहि नाहींशी होणार नाहीं, अशा आशयाचें येशूचें वचन आहे. तेथें हिब्रू लिपींतील ‘योद’ हें सर्वांत लहान अक्षर अभिप्रेत असल्याचें समजतात. ‘टिटल’ म्हणजे अक्षराचें बारीक टोंक. हिब्रूंतील ‘दालेत’ आणि ‘रेश’ या अक्षरांत एवढ्याशा टोंकाचाच काय तो फरक असतो. तें टोंक गळालें कीं ‘एक’ या अर्थाचा शब्द ‘दुसरा’ या अर्थाचा होतो. ईश्वर एक आहे, हें ज्या धर्माचें आद्य सूत्र, त्याच्या लेखकांना हें टोंक क्षुल्लक कसें वाटावें?

१४ व्या शतकांतील विक्लिफच्या भाषांतरांत ‘अक्षर किंवा टिटल’ अशी योजना होती. विल्यम टिंडेल यानें मूळ ग्रीकवरून भाषांतर करतांना ‘अक्षर’ काढून ग्रीक शब्दच इंग्रजी रूपांत घातला. त्या काळीं ‘आय’ आणि ‘जे’ हीं एकाच अक्षराचीं रूपें होतीं. त्यामुळें त्याचा पुढें ‘जॉट’ झाला. टिंडेलचा नवा करार १५२६ सालीं जर्मनींतील वर्म्स येथें छापला गेला आणि चोरून इंग्लंडांत पोंचला. धर्माधिकाऱ्यांच्या अनुज्ञेवांचून असें भाषांतर करण्यास तेथें बंदी होती. लंडनच्या बिशपनें त्या प्रती जाळविल्या. १५३३ सालीं तुरुंगांत असलेल्या जॉन फ्रिथ या मित्राला लिहिलेल्या पत्रांत टिंडेलनें, सदसद्विवेकाविरुद्ध आपण देववचनाचें एक अक्षरहि बदललें नाहीं, अशी ग्वाही दिली. १५३५ त अँटवर्प येथें तो विश्वासघातानें पकडला गेला. पुढच्याच वर्षीं ब्रसेल्सजवळ त्याचा गळा आवळून देह जाळण्यांत आला.

अवघ्या तीन वर्षांनीं, १५३९ त, ‘ग्रेट बायबल’ राजाज्ञेनें प्रसिद्ध झालें. त्यांतील पुष्कळसें भाषांतर टिंडेलचेंच होतें! १६११ च्या अधिकृत भाषांतरानेंहि ही जोडी कायम ठेविली. तत्पूर्वींच शेक्सपियरनें ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्यें तो शब्द पोर्शियाच्या तोंडीं घातला होता. शायलॉकला मांसावर हक्क आहे, रक्ताच्या एका ‘जॉट’वरहि नाहीं, असा तिचा युक्तिवाद. अक्षराचें नांव रक्ताच्या थेंबाला लागलें आणि धर्मग्रंथांतील शब्द न्यायसभेंत आला.

मराठींतहि ‘कानामात्रेचा फरक नाहीं’ असें म्हणतात. १७७३ सालीं झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या वधाशीं निगडित असलेली ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका तर सर्वश्रुत आहे. अल्पत्व मोजण्यासाठीं दोन्ही भाषांनीं अक्षराचेंच माप घेतलें. परंतु त्या मापाला किती मोल पडूं शकतें, हें टिंडेलच्या चरित्रावरून कळतें.